चोरून न निघणारा फोटो

देवळीच्या बापूजींचा कॅमेरा खांद्याला अडकवता येत नसे. तो पेटीत घालून न्यावा लागे. पेटी स्कूटरवर पायाशी ठेवावी लागे आणि तिच्यामुळे बापूजींचे गुडघे दोन्ही अंगांना असे फाकत, की रस्त्यानं जाणारा हसल्याशिवाय राहत नसे. मागच्या सीटवर कोकिळाबाई आणि त्यांच्या मांडीवर आडवी कॅमेऱ्याची तिपाई. कुणी विचारलं तर त्या सांगत, "एक म्हातारा, एक म्हातारी अन् मधात सवत. सवत परवडली असती जी, पण हिले बाथरूम बी लागते."

बाथरूम लागायचं ते फिल्म धुवायला. दाराखालच्या फटीत गोधडी कोंबून, झरोक्याला काळा कागद लावून बापूजी आत शिरले, की घरातल्या बाकीच्यांनी शेजारी जायचं. उन्हाळ्यात नळाचं पाणी चहाइतकं गरम येई आणि गरम पाण्यात फिल्मचं वाटोळं होई. मग माठातलं पाणी, वर रसवंतीवरून आणलेला बर्फ. पाहुण्यांना साधं पाणी देणाऱ्या या घरात फिल्मला मात्र बर्फाचं पाणी मिळे.

तसा बापूजींचा बाजारात स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो यांतच सारी उमेदीची वर्षं गेली. डिजिटल आलं आणि मुलानं, आदेशनं, दुकान हाती घेतलं. अर्ध्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकली. बापूजी मोकळे झाले, आणि मोकळा झालेला माणूस जे करू नये तेच त्यांनी केलं. नागपूरच्या एका बंद पडणाऱ्या स्टुडिओतून ही लाकडी पेटी उचलून आणली. पुढं भिंग, मागं दुधी काच, मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. डोक्यावर काळं फडकं घेऊन वाकायचं, दुधी काचेवर उलटं चित्र दिसतं ते नीट करायचं, मग काचेच्या जागी फिल्मची चपटी डबी सरकवायची, डबीचं झाकण ओढायचं आणि मग कुठं एक फोटो. तळहाताएवढी एक फिल्म, तिच्यावर एकच फोटो. ती फिल्म परदेशातून मुंबईला येणार, मुंबईहून देवळीला. कधी महिना, कधी तीन.

आणि चुकायला जागा किती. भिंग झाकायचं राहिलं आणि डबी उघडली, गेलं. भात्याला टाचणीएवढं भोक पडलं, गेलं. जिनिंगच्या दिवसांत हवेतून कापसाचा एखादा तंतू येऊन फिल्मवर बसे आणि फोटोत बरोबर सरपंचाच्या नाकावर काळा केस उगवे. सरपंचानं तो फोटो परत केला होता.

तरी बापूजी सोडत नव्हते. कोकिळाबाईंनी एकदा वैतागून विचारलं, "काऊन हो, मोबाईलमधी नाई निघत का थोच माणूस?"

"निघते ना," बापूजी म्हणाले. "पण मोबाईलसमोर माणूस चेहरा करते. ह्या पेटीसमोर एवढा वेळ जाते, की केलेला चेहरा त्याले धरून ठेवता येत नाई. गळून पडते. मंग खालचा येते."

तो खालचा चेहरा पाहायची चटक बापूजींना लागली होती. त्यासाठी ते दूरदूर जात. बोर धरणाकडच्या हिंगणीला तर जवळजवळ दर हिवाळ्यात. तिथं त्यांची पेटी आली की लोक अंघोळ करून बसत. बसत नसे ती एकच बाई. मंदाबाई.

मंदाबाईंना फोटोचा तिटकारा होता आणि त्याला कारण होतं. त्यांचे मालक रूपराव शेतात रानडुकराच्या हल्ल्यात गेले. पंचनामा व्हायच्या आधीच कुणीतरी मोबाईल वर केला. शेताच्या धुऱ्यावर बसलेली, पदर पडलेला, तोंड उघडं, आक्रोश करणारी बाई साऱ्या जिल्ह्याच्या फोनांमध्ये फिरली. सोयऱ्यांनी पाहिली, कधी न भेटलेल्या माणसांनी पाहिली. तेव्हापासून कुणी मोबाईल उचलला की मंदाबाई पाठ फिरवत. पुतणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांची नुसती पाठ आहे.

पण बापूजींची पेटी त्या आपल्या अंगणातून पाहत असत. एका हिवाळ्यात रस्ता ओलांडून आल्या.

"बापूजी, या पेटीनं चोरून निघते का जी फोटो?"

बापूजी फडक्यातून बाहेर आले. "चोरून? मंदाबाई, हिच्यानं कबूल असलेल्या माणसाचा बी निघता निघत नाई."

त्यांनी कोकिळाबाईंना समोर बसवलं आणि मंदाबाईंच्या डोक्यावर फडकं टाकलं. फडक्याआड त्या वाकल्या. मग हसू.

"भाभी त उलट्या लटकून राह्यल्या. असंच दिसते का तुमाले जग?"

"असंच."

"मंग बरोबर दिसते," मंदाबाई म्हणाल्या.

चहा झाल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, की मी बसते. पण एक अट. "माह्या भिंतीबाहेर हा फोटो गेला नाई पायजे. एकदा गेलती मी साऱ्या दुनियेत. आता नाई."

"दोनच कागद काढीन," बापूजी म्हणाले. "एक तुमच्या घरी, एक माह्या लोखंडी पेटीत. तिसरा नाई. शब्द."

पहिल्या खेपेस बापूजी डबीचं झाकण ओढायलाच विसरले. मंदाबाई मूर्तीसारख्या बसल्या, भिंगाचा खटका वाजला, आणि फिल्मपर्यंत उजेडाचा थेंब पोचला नाही. घरी जाऊन धुतली तेव्हा कोरी. हे सांगायला ते परत हिंगणीला गेले, तर मंदाबाई रागावण्याऐवजी खूश. "म्हंजे खरंच नाई निघत चोरून," म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. तुराट्यांच्या कुडाजवळ, लाकडी पाटावर, हात गुडघ्यांवर. बापूजी म्हणाले, श्वास सोडा अन् तिथंच थांबा. त्या थांबल्या.

तो फोटो बापूजींच्या हातून झालेला सगळ्यात चांगला होता. हे त्यांना बाथरूममध्येच कळलं. लुगड्याचं सूत न् सूत, नखातली माती, नाकाचं रिकामं छिद्र, आणि या सगळ्याच्या वर सरळ आपल्याकडे पाहणारी नजर. काही मागत नाही, काही लपवत नाही. एक प्रत हिंगणीला गेली, देवघराच्या शेजारच्या खुंटीला लागली. दुसरी घरातल्या लोखंडी पेटीत. तिसरी काढली नाही. कधीकधी दुपारी बापूजी पेटी उघडून तो कागद पाहत आणि पुन्हा ठेवून देत.

एका पावसाळ्यात त्या लोखंडी पेटीतल्या काही फिल्मांवर बुरशी धरली. बापूजी हवालदिल झाले. आदेश म्हणाला, "बाबा, सगळं स्कॅन करून ठेवतो. मंग बुरशी लागो, उंदीर लागो." मुलगा पहिल्यांदाच बापाच्या या नादाबद्दल काही चांगलं बोलला होता. बापूजींनी लोखंडी पेटी आपल्या हातानं त्याच्यासमोर ठेवली. मंदाबाईंची फिल्म वेगळी काढून दाखवली, शब्दाची गोष्ट सांगितली. "हे फक्त जतन करासाठी. कोणाले देजो नोको."

"हो बाबा," आदेश म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी बापूजी जेवत असताना फोन वाजला. हिंगणीचा.

"बापूजी," मंदाबाईंचा आवाज होता, "मी मेली म्हणते."

झालं होतं असं. मंदाबाईंचा भाऊ पुलगावचा. तो बायकोला आणि मुलाला घेऊन नागपूरच्या दवाखान्यात निघाला होता. सेलूच्या अलीकडे हायवेवर नवीन हॉटेल झालं होतं, तिथं जेवायला थांबले. आत गेले तर समोरच्या भिंतीवर, भिंतभर, मंदाबाई. गळ्यात झेंडूचा हार. खाली पितळेची समई. भावजय तिथंच खाली बसली. भावानं बहिणीला फोन लावला, तर हिंगणीतली रेंज नेमकी गेलेली, लागेना. त्याला वाटलं, बहीण गेली आणि सासरच्यांनी कळवलंसुद्धा नाही. त्याहून त्याला झोंबलं ते दुसरंच. बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं. ते अंगावर न घालताच बहिणीला जाळलं. त्यानं सेलूच्या दुकानातून लुगडं घेतलं आणि भांडणाच्या तयारीनं हिंगणी गाठली. भावजयीनं वेशीपासूनच गळा काढला. आणि मंदाबाई हातात झाडू घेऊन दारात.

"लुगडं माह्याच हाती देल्लं त्यानं," मंदाबाई फोनवर सांगत होत्या. "रडू का हासू, तेच समजत नोतं त्याले. भाच्यानं मोबाईलमधी दाखवली मले भिंत. खाली तुमचं नाव आहे जी. बापूजी, देवळी. मोठ्या अक्षरात."

बापूजी ताटावरून उठले, हात धुतले आणि दुकानात गेले.

आदेश नाकारेल, असं त्यांना वाटलं होतं. तो नाकारत नव्हता. उलट खुर्ची पुढं केली.

"धीरजचं हॉटेल आहे ते. माह्या वर्गातला. त्याले गावाकडचे फोटो पायजे होते. सहा देल्ले. फुकट देल्ले बाबा, एक रुपया नाई घेतला. तुमाले उद्घाटनालेच नेणार होतो, तर तुमी बाथरूममधी."

"मंदाबाईचा बी देल्ला."

"थोच तर त्याले पायजे होता. म्हणे बाकीचे बरे आहेत, पण या बाईच्या नजरेतून माणसाले हलता येत नाई."

हे ऐकून बापूजींच्या छातीत क्षणभर काहीतरी फुललं. मुलाला ते दिसलंही असेल. नंतर कितीतरी दिवस बापूजींना आदेशच्या वागण्यापेक्षा त्या एका क्षणाचीच जास्त लाज वाटत राहिली.

"म्या तुले सांगतलं होतं, आदेश. शब्द देल्ला होता म्हणून."

"सांगतलं होतं. पण हिंगणीचं कोण जेवाले जाते त्या हॉटेलात? कोणाले समजणार होतं?" आदेशचा आवाज चढला. "एवढे वर्षं मरमर केली तुमी. पाह्यलं कोणं? तुमी, आई अन् थे लोखंडी पेटी. म्या नाव मोठं केलं तुमचं, अन् तुमी मलेच चोर म्हणून राह्यले."

"चोर नाई म्हटलं."

"मंग?"

बापूजींच्या मनात आलं, चोर बरा, तो बाहेरचा असतो. ते उठले आणि स्कूटर काढून तसेच हायवेला लागले. पायाशी पेटी नव्हती, तरी गुडघे फाकलेलेच.

हॉटेलात शिरल्याबरोबर ते थबकले. घरात त्यांनी हा फोटो कधी वहीच्या पानापेक्षा मोठा पाहिला नव्हता. इथं मंदाबाईंचा नुसता हातच माणसाएवढा होता. मोबाईलचा फोटो एवढा ताणला असता तर फाटून चिंध्या झाल्या असत्या. हा नाही फाटला. मोठ्या फिल्मचं हेच तर सामर्थ्य, स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत आले होते, की कितीही मोठा करा. केला होता. इतका मोठा, की मंदाबाईंच्या डोळ्याच्या बाहुलीत तिपाई आणि तिच्यामागं वाकलेला, डोक्यावर फडकं घेतलेला माणूस दिसत होता. घरातल्या कागदावर तो कधीच दिसला नव्हता.

धीरज पोरगा वाईट नव्हता. पाया पडला, लस्सी मागवली. "काका, हाराचं चुकलंच. उद्घाटनाचे नकली हार उरले होते, भिंत बोडकी दिसत होती म्हणून घालून देल्ला. काढतो ना, अभी के अभी." हार त्यानं खरंच काढला. "पण फोटो कसा काढू? पूरा चिपकवलेला आहे. अन् लोक याच्यासमोरच त सेल्फी काढतात. माह्या हॉटेलची शान आहे, काका. आदेशनं प्रेमानं देल्ला मले."

बापूजी लस्सी न पिता निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हिंगणीला गेले. खिशात कागदाच्या पाकिटात मंदाबाईंची फिल्म. रस्ताभर त्यांनी घोकलं होतं, की मुलानं माझ्यामागं केलं, मला ठाऊक नव्हतं, हे आधी सांगायचं. मंदाबाईंनी पाट दिला, पाणी दिलं. बसल्या समोर.

"माह्या घरून गेला फोटो," बापूजी म्हणाले. "पोरानं देल्ला. मले मालूम नोतं."

"घरून गेला ना?"

"हो."

"मंग तुमीच देल्ला." त्या शांतपणे बोलल्या. "पोराले म्या कधी पाह्यलं नाई जी. मी तुमच्यासमोर बसली होती."

बापूजींनी पाकीट पुढं केलं. मंदाबाईंनी फिल्म उजेडाकडे धरली. पांढरं लुगडं काळं, काळे केस पांढरे, चेहरा कोळशासारखा. बराच वेळ पाहिली.

"हेच का थे? याच्यावरूनच निघते सगळं?"

"याच्यावरूनच. आता तुमच्याजवळ ठेवा."

"म्हंजे आता आणखी कोठी नाई निघणार?"

खोटं बोलणं सोपं होतं. बापूजींच्या ओठावर हो आलंही होतं. "निघू शकते," ते म्हणाले. "आदेशच्या कंप्युटरमधी आहे."

मंदाबाईंनी फिल्म पाकिटात घातली आणि पाटाच्या कडेला ठेवली. "दार उघडं टाकून मले कुलूप देऊन राह्यले तुमी."

मग त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या भावानं आणलेलं लुगडं नेसून. घडीच्या रेघाही मोडलेल्या नव्हत्या. सरणावरचं म्हणून घेतलेलं वस्त्र जित्या बाईनं नेसू नये, हे बापूजींना माहीत होतं, मंदाबाईंनाही होतं. "चला," म्हणाल्या. "पाहू मी कशी दिसते तिथं."

काळीपिवळी जीपनं दोघं हायवेला आले. जेवणाची वेळ, हॉटेल भरलेलं. मंदाबाईंनी एक खुर्ची ओढली, नेऊन आपल्या फोटोखाली ठेवली आणि बसल्या. हात गुडघ्यांवर. आधी एका टेबलावरचं बोलणं थांबलं, मग दुसऱ्या. आधी कधी हार पाहून गेलेली एक लहान मुलगी वर बघे, खाली बघे. आईला म्हणाली, "मम्मी, हे तर मेली होती ना?" तिच्या बापानं मोबाईल उचलला. मंदाबाईंनी या वेळेस पाठ फिरवली नाही. त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"विचारलं का मले?"

त्यानं मोबाईल खिशात घातला. धीरज दोन्ही हात जोडून आला. काकू, जेवून घ्या, काकू, आत बसा. मंदाबाई हलल्या नाहीत. आत जेवायला आलेली दोन-तीन कुटुंबं दारातूनच परत गेली, तेव्हा त्यानं शिडी आणि रंगाऱ्याची पत्ती मागवली आणि आदेशला फोन केला.

आदेश आला तेव्हा फोटोतले पाय निघाले होते. चिकटवलेला फोटो सरळ सुटत नव्हता, पट्ट्यापट्ट्यांनी खरवडावा लागत होता. मग हात गेले, मग तुराट्यांचा कूड. बापूजी भिंतीसमोर उभे होते. आपल्या हातून झालेलं एकमेव चांगलं काम एक माणूस पत्तीनं खरवडतोय आणि ते व्हावं म्हणून आपणच इथं उभे आहोत, हे त्यांना कळत होतं. त्यांना आत जाऊन बसता आलं असतं. ते बसले नाहीत. डोळे सगळ्यात शेवटी गेले.

"तूच का आदेश?" मंदाबाईंनी विचारलं.

"हो काकू. चुकलं माहं."

"तुह्या बाबानं दोन खेपा बसवलं होतं मले. तू एकाच खेपेत देऊन टाकलं."

आदेशनं मान खाली घातली. मग बापाकडे वळून म्हणाला, "कंप्युटरमधूनबी काढून टाकतो आज. कसम, बाबा."

बापूजींनी मान हलवली. फिल्म असती तर हातात घेऊन पाहिली असती, आहे की नाही. यात पाहायला काही नव्हतं. मुलगा काढलं म्हणेल, आणि ते खरं मानायचं. कालपर्यंत त्यांना ते अवघड गेलं नसतं.

आदेशनं गाडीनं सोडतो म्हटलं, पण मंदाबाई त्याच्या गाडीत बसल्या नाहीत. पुन्हा काळीपिवळी. हिंगणीला पोचले तर पाटाच्या कडेला पाकीट तसंच पडलेलं होतं. मंदाबाईंनी ते उचललं नाही, बापूजींनीही नाही. बापूजी अंगणातूनच निघू लागले, तर त्यांनी थांबवलं.

"चहा घेऊन जा जी. उन्हातानाचे आले."

चहा उकळून आला. बशी त्यांच्या हातात देत मंदाबाई म्हणाल्या, "येत जा तुमी. भाभीलेबी आणत जा. थे पेटी नोका आणू."

बापूजी हो म्हणाले, आणि बशीतला चहा संपेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.